कार्बन त्यांचा, पण नदीकाठचे भराव आपलेच

'हवामान बदल श्रीमंत देशांनी घडवला, मग निस्तरायचंही त्यांनीच' हे एका लेखातलं म्हणणं मला अर्धं पटलं. भारताचं दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या ऊसकऱ्याचं पीक पुरात कुजतं, त्याची भरपाई देण्यात त्या देशांचा वाटा असलाच पाहिजे.

पण तेवढ्यावर विषय संपत नाही. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाऊस अफाट होता, मान्य. तरी पूररेषेत भराव टाकून इमारती कुणी उभारल्या? त्यांना परवानगी इथूनच मिळाली ना? पूर आला की आपण सगळे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतो. (विसर्गाबाबत कर्नाटकाशी समन्वय हवाच, त्यात वाद नाही.) मात्र आपल्याच हद्दीतल्या भरावांवर बोलायची वेळ आली की सगळे पक्ष गप्प.

पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या माणसांनी जागतिक परिषदांच्या निकालाची वाट बघत अजून किती पावसाळे जनावरं घेऊन घर सोडायचं? पूररेषेतले नवे परवाने आधी बंद करा, येत्या पावसाळ्याच्या आत.