पाच वर्षांत अठरा किलोमीटर

सकाळपासून डोकं फिरलंय. मित्राने एक जाहिरात पाठवली. होंडा एस२०००, चंदेरी, 'कलेक्टर कंडिशन', 'गुंतवणुकीची सुवर्णसंधी'. फोटो मोठा करून पाहिला आणि पोटात खड्डाच पडला. मामाची गाडी! मीटरवर ४८,२३०. मामाने विकली तेव्हा ४८,२१२ होते. आकडा पाठ आहे, कारण शेवटची फेरी मीच मारून आणली होती.

पाच वर्षांत अठरा किलोमीटर. अरे, ही काय देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू आहे?

कंपनीच्या पन्नाशीनिमित्त होंडाने १९९९ मध्ये ही उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आणली. इंजिन अवघं १,९९७ सीसीचं, जादा हवा कोंबणारा टर्बो नाही, तरी जपानी मॉडेलची ताकद २५० पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती. ती कुठून येते? इंजिन फिरण्यातून. काटा ९,००० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जातो. सहा हजारांच्या आसपास व्हीटेकचा (होंडाची इंजिनातल्या झडपा उघडण्याची यंत्रणा) मोठा कॅम, म्हणजे झडप ढकलणारा उंचवटा, लागतो, व्हॉल्व्ह म्हणजे त्या झडपा जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात आणि आवाजच पालटतो. मामा त्या क्षणी माझ्याकडे बघायचा. दर वेळी. मला ऐकू आलं की नाही, याची खात्री करायला.

सहा हजारांच्या खाली ही गाडी अर्धीच कळते. कव्हरखाली काय कळणार, कप्पाळ!

मामाच्या गाडीची मागची काच प्लास्टिकची होती, सुरुवातीच्या सगळ्यांची असायची. कापडी टप मिटताना ती मध्ये दुमडते. म्हणून हँडब्रेक ओढायचा, बटण दाबायचं आणि टप अर्ध्यावर आला की थांबवून घडीत पंचा सरकवायचा. "इथं चुणी पडली ना, की कायमची पडते," हे मी शंभर वेळा ऐकलंय. याला म्हणतात जपणं. वापरता वापरता जपणं. नुसती उभी ठेवली की टायर चपटे होतात, पेट्रोल शिळं होतं, रबरी सील वाळतात. आणि हे म्हणे कलेक्टर!

मान्य, २००९ मध्ये उत्पादन थांबलं, नव्या येणार नाहीत, कुणीतरी सांभाळायला हवं. बरं, मान्य.

पण मामाने ती हौसेने विकली नव्हती. डावा गुडघा गेला, क्लच दाबवेना. एस२००० ऑटोमॅटिकमध्ये कधी निघालीच नाही, सगळ्या सहा गिअरच्या, मॅन्युअल. दुसरा इलाजच नव्हता. भाव करताना मामाने एकही पैसा ताणला नाही. फक्त म्हणाला, "रविवारी टप उघडून फिरवत जा." घेणारा म्हणाला, "हो काका, नक्की."

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या माणसाच्या घरी या पाच वर्षांत काय काय झालं असेल, मला काय ठाऊक. त्याचंही काही दुखत असेल.

मामाला जाहिरात दाखवलेली नाही. दाखवणारही नाही. त्यात एक फोटो डिकीचा आहे. कोपऱ्यात निळ्या काठाचा पंचा दिसतोय. शेवटच्या फेरीनंतर मी घातलेली चौपदरी घडी, जशीच्या तशी.