बहमनी म्हणजे ‘ब्राह्मणी’ नव्हे

दर काही महिन्यांनी बहमनी राज्याच्या नावाची ही गोष्ट नव्याने फिरू लागते. दिल्लीत गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाकडे हसन नावाचा गुलाम होता. शेत नांगरताना नांगर अडकला आणि मोहरांचा हंडा सापडला. हसनने तो इमानाने मालकाच्या हवाली केला. मालकाने त्याची कुंडली मांडून ‘तू राजा होशील’ म्हटले. पुढे तो दख्खनचा सुलतान झाला आणि उपकार स्मरून त्याने राज्याला ‘ब्राह्मणी’ नाव दिले. त्याचेच पुढे ‘बहामनी’ झाले.

गोष्ट गोड आहे, पण आहे कोणाची? फिरिश्ता या इतिहासकाराची. विजापूरच्या आदिलशाही दरबारात बसून इ.स. १६०६ च्या सुमारास त्याने ती लिहिली. हसन वारला १३५८ मध्ये, म्हणजे मध्ये जवळजवळ अडीचशे वर्षे गेली. उलट इसामी हा कवी हसनच्याच काळात दौलताबादला होता. महंमद तुघलकाने दिल्लीहून दख्खनेत हलवलेल्या कुटुंबांपैकी त्याचे एक, आणि त्याचा नव्वदीचा आजा त्याच वाटेवर तिलपतला वारला. आपले ‘फुतूह-उस्-सलातीन’ हे दीर्घकाव्य त्याने १३५० मध्ये संपवून हसनलाच अर्पण केले. त्यात ना हंडा, ना नांगर, ना ब्राह्मण मालक. दरबारी कवी अशी चमत्काराची, राजयोगाची गोष्ट हातची जाऊ देईल?

आता नाव. फार्सीत ‘बहमन’ लिहायला चार अक्षरे लागतात: बे, हे, मीम, नून. ‘ब्रहमन’ लिहायचे तर बे नंतर एक ‘रे’ हवा. हसनच्या नाण्यांवर ‘अबुल मुजफ्फर बहमन शाह’ असे आहे, तिथे ‘रे’ नाही. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला ‘सिकंदर-अस्-सानी’, म्हणजे दुसरा सिकंदर, अशी अलाउद्दीन खिलजीच्या नाण्यांवरून उचललेली बिरुदावली आहे. ‘गंगू’ कुठेच नाही. घोटाळ्याला मराठीने हातभार लावलाच: आपण ‘बहामनी’ असे काना देऊन लिहितो, मग ते कानाला ‘बाम्हणी’च वाटते. ‘बहमनी’ लिहिले की अर्धा भ्रम तिथेच गळतो.

‘मग गंगू आला कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे, कारण ते टोपणनाव फिरिश्ताने शोधून काढलेले नाही. दिल्लीचा इतिहासकार बरनी हसनचा समकालीन, तोही त्याला ‘हसन कांकू’ म्हणतो. जुन्या हस्तलिखितांत काफ आणि गाफ एकाच आकाराने लिहीत. गाफवरची दुसरी रेघ लेखनिक सहसा देत नसत. त्यामुळे तेच अक्षर ‘कांकू’ही वाचता येते आणि ‘गांगू’ही. हे ‘कैकाऊस’ या इराणी नावाचे घासलेले रूप असावे, असा एक तर्क आहे. पटो न पटो, टोपणनाव जुने आणि त्याचा ब्राह्मणाशी लावलेला संबंध उशिराचा, एवढे पक्के.

राज्य हंड्यातून निघाले हा भाग तर सगळ्यांत कच्चा. हसन होता ‘अमीर-इ-सदा’. सद म्हणजे शंभर. शंभर गावांच्या गटाची वसुली आणि तिथला बंदोबस्त पाहणारा हा अधिकारी. माळव्यात तुघलकाचा धारचा सुभेदार अझीझ खम्मार याने अशा ऐंशीहून अधिक अमिरांना एका फटक्यात मारले. त्यानंतर दौलताबादच्या अमिरांनाही दीड हजार स्वारांसह गुजरातेत हजर व्हायचे फर्मान आले. पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्यांनी ओळखले. वाटेतूनच ते उलटले, दौलताबादेत परत येऊन त्यांनी सुभेदाराला कैद केले आणि किल्ला व खजिना ताब्यात घेतला. पण तख्तावर बसवला तो इस्माइल मुख, हसन नव्हे! तुघलक स्वतः चालून आला, त्याने बंडखोरांना हरवले आणि किल्ल्याला वेढा घातला. हसन गुलबर्ग्याच्या बाजूला निसटला. तेवढ्यात गुजरातेत तघीचे बंड उठले आणि सुलतानाला तिकडे धावावे लागले. मागे ठेवलेला सेनापती इमाद-उल्-मुल्क सरतेझ हसनशी लढताना मारला गेला. मग म्हाताऱ्या इस्माइलने बाजूला होऊन गादी सोडली आणि ३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबादला हसनचा राज्याभिषेक झाला. यात मोहरांचा हंडा कुठे बसवायचा?

‘ब्राह्मण नाही, तर तो इराणी राजवंशाचा’ असे उलट टोक गाठणारेही भेटतात. इस्फंदियारचा मुलगा बहमन हा ‘शाहनामा’ या फार्सी महाकाव्यातला राजा. त्याच्यापर्यंत हसनची वंशावळ नेणारे ‘बुर्हान-इ-मआसिर’ अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिले गेले. फिरिश्ताच्या फार तर दहा-पंधरा वर्षे आधी. खुद्द फिरिश्तानेच ही वंशावळ खुशामतखोरांची म्हणून बाजूला सारली आणि तिच्या जागी आपली ब्राह्मणाची गोष्ट बसवली. नाण्यावरून ‘बहमन’ हे हसनने धारण केलेले राजनाम ठरते, त्याच्या बापजाद्यांचे नाव नव्हे.