वाती, डंपर आणि आठ आउट

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरात रडू नये म्हणतात. २०२५ च्या लक्ष्मीपूजनाला मी रडले, तेही बत्ताशांची वाटी हातात घेऊन, कारण तिकडे टोरोंटोमध्ये एका माणसाने बॉल भिंतीपलीकडे मारला.

मी सिएटल मॅरिनर्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमची, फॅन आहे. आता हे मी जुन्या दुखण्यासारखं सांगते, म्हणजे डॉक्टरांनी डायबेटिस, बीपी काही आहे का विचारलं तर नाही, फक्त मॅरिनर्स. २०१६ ला लग्न करून एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या जोरावर, इथे अमेरिकेत आले, काम करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, बाहेर पाऊस, आणि टीव्हीवर रोज संध्याकाळी सातच्या सुमारास ही मॅच. रोज म्हणजे खरंच रोज, सीझनला १६२ मॅच असतात, आपलं आयपीएल म्हणजे त्यापुढे सत्यनारायणाची पूजा. सिरियलसारखंच लागलं मला ते. नवरा क्रिकेटवाला, तो याला "गोऱ्यांचा विटीदांडू" म्हणायचा आणि आत जाऊन रणजीचा स्कोअर बघायचा.

बरं, टीम निवडायची मला अक्कल नव्हती, घराजवळची होती ती घेतली. नंतर कळलं की मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, ३० टीम आहेत आणि त्यातली वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, एकदाही न खेळलेली एकच, ती आमची, १९७७ पासून. २००१ साली या लोकांनी ११६ मॅच जिंकल्या, १९०६ च्या शिकागो कब्जच्या रेकॉर्डशी बरोबरी केली, मग न्यू यॉर्कच्या यांकीजकडून ४-१ ने सिरीज हरले आणि त्यानंतर २०२२ पर्यंत प्लेऑफचं तोंड बघितलं नाही. म्हणजे बोर्डात पहिला आलेला मुलगा आणि पुढे एकवीस वर्षं नोकरीच नाही. पुढे २०२३ मध्ये टीमच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं की दहा वर्षं मिळून ५४ टक्के मॅच जिंकल्या की पुष्कळ झालं. ५४ टक्के! आमच्या घरी ५४ टक्क्यांच्या प्रगतिपुस्तकावर बाबांनी सहीसुद्धा केली नसती.

२०२२ ला एकदाचे प्लेऑफमध्ये गेलो. ह्यूस्टनविरुद्ध तिसरी मॅच सिएटलला, मी तिकीट काढून गेले, आणि ती मॅच चालली १८ इनिंग, सहा तास बावीस मिनिटं. ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी, नऊ इनिंगमध्ये संपायला हवी, बरोबरी असेल तर पुढे चालू, ड्रॉ वगैरे लाड नाहीत. आपल्या रन याव्यात म्हणून स्टेडियमभर लोकांनी पायातला बूट काढून डोक्यावर ठेवला होता, तेव्हाचा तो टोटका होता, मग मीही ठेवला. कुणीतरी फोटो काढला तो मी कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकला. आईचा लगेच मेसेज, "पायातली वहाण पायातच बरी." अठराव्या इनिंगला त्यांचा होम रन, म्हणजे बॉल थेट भिंतीपलीकडे, आम्ही शून्य, १-० हरलो, सिरीजही गेली. रात्री फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "सहा तासांत एक रन? अगं, १९७५ ला गावस्करने साठ ओव्हर खेळून नाबाद ३६ केल्या तेव्हा लोकांनी त्याला शिव्या घातल्या होत्या." मी बूट डोक्यावर ठेवून बसले होते हे त्यांनी मोठेपणाने काढलं नाही.

तर २०२५. ऑगस्टमध्ये सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. मी त्यांना आईच म्हणते. पहिले पंधरा दिवस त्यांच्या सिरियली आणि माझी मॅच यात रिमोटवरून शीतयुद्ध झालं, मग एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "हा जाडा कोण गं? मारतो बाई चांगला."

तो कॅल रॅली, आमचा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर. त्या सीझनला त्याने ६० होम रन मारले, कॅचरने एवढे कधीच कुणी मारले नव्हते. म्हटलं, याला इथे बिग डम्पर म्हणतात. आता हे नाव त्याच्या पार्श्वभागाच्या आकारावरून पडलंय, ते सासूला कसं सांगणार? पण आईंनी स्वतःच सोडवलं, "डंपर म्हणजे आपला वाळूचा ना? शोभतं हो." तेव्हापासून घरात तो डंपर. "डंपर आला का गं बॅटिंगला?" असं आतून भाजी चिरता चिरता विचारायच्या.

सप्टेंबरमध्ये त्यांना स्टेडियमला नेलं. इथे बाहेरचं खाणं आत नेता येतं, माझ्या मते या देशातली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे, मल्टिप्लेक्सवाल्यांनी शिकावी. आत भाजलेले नाकतोडे विकायला असतात, शेजारचा माणूस ते मजेत चघळत होता, आईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं, पर्समधून जयसिंगपूरचं भडंग काढलं आणि त्याला मूठभर दिलं, दयेने. मग मैदानावर माशांचे मोठे पोशाख घातलेली चार माणसं पळतात, साल्मन रन म्हणतात त्याला, त्यातला हम्पी नावाचा मासा कधीच जिंकत नाही. आई त्याच्यावर जीव लावून बसल्या. मला तेव्हाच कळलं, ही बाई आता आपल्यातली झाली.

१० ऑक्टोबरला प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्ध पाचवी मॅच, हरेल तो घरी. हम्पी त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा जिंकला. मॅच मात्र संपेना. दहावी इनिंग, अकरावी, बारावी. आईंना हात रिकामे ठेवून बसता येत नाही, त्यांनी दिवाळीसाठी वाती वळायला घेतल्या, फार्मसीतल्या कॉटन बॉलचा कापूस पिंजून, "हा कसला कापूस, याला तेल तरी चढेल का" म्हणत. नवरा पाणी प्यायला उठला, फ्रिज उघडला, आणि तेवढ्यात आमच्या पिचरने, म्हणजे बोलरने, बेसवर माणसं असताना आउट काढला. मी ओरडले, "हलू नकोस!" क्रिकेटवाल्याला याहून जास्त समजवावं लागत नाही. तो फ्रिजचं दार धरून तसाच उभा, फ्रिज बीप बीप करतोय, दूध गरम होतंय. पंधराव्या इनिंगला आमच्या पोलान्कोने बॉल मारला, रन आली, ३-२. जवळजवळ पाच तास झाले होते. नवऱ्याने फ्रिज बंद केला आणि आईंनी ताटलीतल्या वाती मोजल्या.

मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की २०११ च्या फायनलला धोनीने सिक्स मारली तेव्हा त्या विळीवर नारळ खोवत होत्या, तीन नारळ झाले होते, थांबल्या नव्हत्या. हे त्यांनी चौदा वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा बघतच राहिला.

पुढची सिरीज टोरोंटोशी, ती जिंकली की थेट वर्ल्ड सिरीज. आईंनी वाती वळल्या आणि आम्ही तीन जिंकलो, त्यांनीही तीन जिंकल्या (आईंच्या मते त्यातल्या एकीला कापूस ओला होता). सातवी मॅच आली सोमवारी, २० ऑक्टोबरला. संध्याकाळी पाचला सुरू. आणि सांगलीला लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी असलं तरी इथल्या पंचांगाप्रमाणे अमावास्येची संध्याकाळ होती ती हीच, मुहूर्तही नेमका मॅचच्या पोटात.

चौरंग टीव्हीसमोरच मांडला. सोय म्हणून हो, दुसरं काही नाही. आई कोचावर वाती वळत, मी आणि नवरा रांगोळी, फुलं, केरसुणी (इथे व्हॅक्यूम क्लीनर आहे, पण त्याला हळदीकुंकू वाहायला जीव होईना, म्हणून इंडियन स्टोअरमधून खास आणलेली). आमच्या हुलिओने होम रन मारला, २-१. पाचव्या इनिंगला डंपरने मारला, ३-१, आईंनी वाती वळता वळताच देवीला नमस्कार केला, हात न थांबवता, ते तंत्र त्यांचं त्यांनाच जमतं.

सातवी इनिंग. त्यांची बॅटिंग, एक आउट झालेला (दर इनिंगला तीन काढायचे), बेसवर दोघं उभे. आठ आउट. वर्ल्ड सिरीजला आठ आउट बाकी, एकोणपन्नासावा सीझन खेळणाऱ्या टीमला. आणि नवरा घड्याळ बघून म्हणाला, "आई, मुहूर्त संपत आलाय, निरांजन लावूया का?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघत होते. त्यांनी वातींची ताटली बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि त्यांच्या स्प्रिंगरने बॉल डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे टाकला. बेसवरचे दोघं आणि तो, तीन रन. ४-३.

खोलीत कुणी काही बोललं नाही. टीव्हीत चाळीसेक हजार माणसं नाचत होती. आई चौरंगापाशी काडेपेटी घेऊन उभ्या, म्हणाल्या, "मी उठले ना."

मी लगेच "अहो आई, असं काही नसतं" म्हणायला हवं होतं. मला दोन सेकंद उशीर झाला. सुनेला दोन सेकंद फार महागात पडतात.

आरती केली, मध्येच माझा सूर गेला, बत्ताशांची वाटी माझ्याच हातात. नवव्या इनिंगला हुलिओ स्ट्राइकआउट झाला आणि संपलं. नवऱ्याने समजूत घालायची म्हणून सांगितलं की टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये आपली केवढी माणसं आहेत, तिकडे इथल्यापेक्षा जास्त घरांत लक्ष्मीपूजन झालं असणार, देवी मेजॉरिटीने गेली. आईंना ते पटल्यासारखं वाटलं. तरी जेवताना त्यांनी दोनदा विचारलं, "एका हाताने लावता आलं असतं का गं निरांजन?"

फेब्रुवारीत त्या परत गेल्या. मार्चमध्ये सीझन सुरू व्हायच्या आठवड्यात सांगलीहून पार्सल आलं. मेतकूट, भडंग, बेदाणे, आणि स्टीलच्या डब्यात वाती, या वेळी चांगल्या सरकीच्या कापसाच्या. मी जमिनीवर बसून मोजल्या. १६२. खाली वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक वेगळी पुडी होती, त्यात अकरा. मला आधी कळेना, मग आठवलं, प्लेऑफची पहिली पायरी माफ झाली तर पुढे किती जिंकाव्या लागतात हे त्यांनी मला एकदा कणीक मळता मळता विचारलं होतं. तीन, मग चार, मग चार.

पुडीवर बॉलपेनने लिहिलं होतं, "ह्या लावायच्या नाहीत. मी आल्यावर बघू."