‘१९४५ला संपलं होतं’? नव्हतं संपलं

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: ‘महायुद्धानंतर युरोपातलं कडवं उजवं राजकारण संपलं. मोठ्या पक्षांनी सत्तर वर्षं त्याला सत्तेच्या जवळ फिरकू दिलं नाही. २०१५मध्ये निर्वासित आले आणि ते अचानक उगवलं.’ यातला एकही दावा टिकत नाही.

आधी ‘संपलं’ घेऊ. मुसोलिनीला २८ एप्रिल १९४५ला गोळ्या घातल्या. २६ डिसेंबर १९४६ला, म्हणजे अवघ्या वीस महिन्यांत, त्याच्याच राजवटीतल्या माणसांनी रोममध्ये ‘इटालियन सोशल मूव्हमेंट’ हा पक्ष काढला. त्याची तिरंगी ज्योत आज इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांच्या पक्षाच्या चिन्हात आहे. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको १९७५पर्यंत सत्तेवर होता. पश्चिम जर्मनीत तर १९५२मध्ये घटना न्यायालयाला नाझींच्या वारसदार पक्षावर बंदी घालावी लागली. आदल्याच वर्षी त्याने लोअर सॅक्सनी राज्यात ११ टक्के मतं घेतली होती.

निर्वासितांचं म्हणाल, तर २०१५नंतर या पक्षांची मतं वाढली हे खरंच आहे. पण वाढणं वेगळं, उगवणं वेगळं. १९५३मध्ये फ्रान्समधल्या सँ-सेरे या छोट्या गावात कर-तपासनीस आले, तेव्हा पियेर पुजाद या कागद-पुस्तकं विकणाऱ्या माणसाने गावातले दुकानदार गोळा केले आणि तपासणी होऊच दिली नाही. राग होता कराचा आणि पॅरिसचा. अडीच वर्षांत पुजादच्या चळवळीचे ५२ उमेदवार संसदेत निवडून आले. त्यांतला एक २७ वर्षांचा होता: जाँ-मारी ल पेन, ज्याने पुढे ‘नॅशनल फ्रंट’ हा फ्रान्सचा कडवा उजवा पक्ष काढला. डेन्मार्कमध्ये मोगेन्स ग्लिस्ट्रुप या वकिलाने १९७१मध्ये टीव्हीवर आपलं शून्य टक्के आयकराचं कार्ड दाखवलं. तीन वर्षांच्या आत त्याचा नवा करविरोधी पक्ष २८ जागा घेऊन संसदेत दुसऱ्या क्रमांकावर पोचला. आणि जर्मनीतला आजचा कडवा उजवा पक्ष एएफडी? तो २०१३चा, कर्जात बुडालेल्या युरो-देशांना वाचवण्याच्या योजनांच्या विरोधातून निघालेला. स्थलांतराचा मुद्दा या पक्षांनी पुढे उचलला. त्याआधीही त्यांच्या हाताशी मुद्दे होतेच.

‘जवळ फिरकू दिलं नाही’ हे वाचून मात्र मला राग येतो. १९६०मध्ये इटलीत ख्रिश्चन डेमोक्रॅट या मोठ्या पक्षाचं तांब्रोनी सरकार वरच्या ‘इटालियन सोशल मूव्हमेंट’च्या नवफॅसिस्टांच्याच मतांवर उभं राहिलं. या नवफॅसिस्टांनी आपल्या अधिवेशनासाठी शहर निवडलं जिनोआ, जिथल्या लोकांनी नाझींविरुद्ध लढून आपलं शहर स्वतः सोडवलं होतं. ३० जूनला गोदी कामगार आणि जुने प्रतिकार-सैनिक रस्त्यावर उतरले. अधिवेशन रद्द झालं. ७ जुलैला रेज्जो एमिलिया शहरात निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मेले. त्याच महिन्यात तांब्रोनींना राजीनामा द्यावा लागला. दार उघडलं होतं मोठ्या पक्षाने. बंद केलं ते या लोकांनी.