केबलचं नेट वाय-फायवर वाटताना
कॉम्प्युटरला केबलने येणारं नेट वाय-फायने फोनला कसं द्यायचं, यावरच्या लेखात दिलेली 'होस्टेड नेटवर्क'वाली कमांड (कॉम्प्युटरलाच वाय-फाय हॉटस्पॉट करणारी) विंडोज ७ च्या काळातली. आताचे बरेच वाय-फाय ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ती मानतच नाहीत, त्यामुळे लेखाखालच्या प्रतिक्रियांत तिघांना एरर आली यात नवल नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर सरळ सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मोबाइल हॉटस्पॉट इथे जा. 'शेअर फ्रॉम'मध्ये इथरनेट निवडा, 'शेअर ओव्हर'मध्ये वाय-फाय. नाव-पासवर्ड बदलून चालू करा, झालं. जास्तीत जास्त ८ उपकरणं जोडता येतात. डेस्कटॉपला मात्र वाय-फाय कार्ड किंवा यूएसबी डोंगल लागतंच. नुसत्या केबलवर हॉटस्पॉट कुठून येणार?

फोन 'आयपी अॅड्रेस मिळवत आहे'वरच अडकला, तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस' यादीमध्ये 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' बंद पडलंय का बघा. सगळं नीट असेल तर फोनला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. जुन्या फोनला नावच दिसत नसेल तर बँड २.४ गिगाहर्ट्झ करा. हॉटस्पॉट आपोआप बंद होतो ही तक्रार बहुतेकदा मोबाइल हॉटस्पॉटच्याच पानावरच्या 'पॉवर सेव्हिंग'मुळे असते, ते काढा. आणि कॉम्प्युटर झोपला की नेटही झोपतं, तेव्हा स्लीप 'नेव्हर'वर ठेवा.