नव्या एक्सेलमधले मंद चार्ट आणि पुढे पाठवले जाणारे उपाय

लेखापाल, ऊर्जा लेखापरीक्षक, संशोधक विद्यार्थी अशा दिवसभर एक्सेलमध्ये काम करणाऱ्या मंडळींमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा : एक्सेल 2003 लाखभर बिंदूंचा चार्ट क्षणात काढत असे; लोकांनी नवे संगणक घ्यावेत म्हणून 2007 च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो मुद्दाम मंद केला; यावर उपाय म्हणून रॅम दुप्पट करावी, 64 बिटची आवृत्ती घालावी, फाइल जुन्या एक्सएलएस स्वरूपात सेव्ह करावी, ग्राफिक्स ॲक्सिलरेशन (चित्रणाचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणे) बंद करावे आणि तेवढ्याने भागले नाही तर सरळ जुन्या आवृत्तीकडे परतावे. यातली मूळ तक्रार खरी आहे. कारणे मात्र बहुतांशी चुकीची दिली आहेत आणि उपायांपैकी एक तर हातचा डेटा घालवणारा आहे.

आधी त्या लाखभर बिंदूंविषयी. एक्सेल 2003 च्या शीटमध्ये 65,536 ओळी होत्या आणि द्विमितीय चार्टमधल्या एका सिरीजला, म्हणजे एका रेषेच्या डेटाला, 32,000 बिंदूंची मर्यादा होती. उच्चदाब वीजग्राहकाच्या मीटरमधून दर पंधरा मिनिटांच्या नोंदी उतरवून घेतल्या, तर दिवसाला 96 आणि वर्षाला 35,040 ओळी होतात. हा एका वर्षाचा स्तंभ निवडून 2003 मध्ये चार्ट काढायला घेतला, की मर्यादा ओलांडल्याचा आणि दोन किंवा अधिक सिरीज करण्याचा संदेश येत असे. लाखभर बिंदू काढता येत नव्हते असे नाही, कारण संपूर्ण चार्टची मर्यादा 2,56,000 बिंदूंची होती. पण त्यासाठी डेटाचे चार तुकडे करावे लागत. ज्यांना जुन्या आवृत्तीचा झपाटा आठवतो, त्यांच्यापैकी बहुतेकांना चार-पाच हजार बिंदूंचा चार्ट आठवत असावा, असे मला वाटते. आज शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात आणि लोक त्या भरतातही, त्यामुळे या तुलनेत फक्त आवृत्ती बदललेली नसते, डेटाही कैक पटींनी वाढलेला असतो.

मुद्दाम मंद केल्याच्या आरोपाकडे पाहताना 2007 मध्ये नेमके काय बदलले हे पाहावे लागते. त्या आवृत्तीत चार्ट काढण्याची जुनी पद्धत बाजूला सारून ऑफिसच्या सर्व प्रोग्रॅमांना सामाईक अशी नवी ग्राफिक्स यंत्रणा आणली गेली. पूर्वी तिरकी रेषा दातेरी दिसत असे; आता तिच्या कडेच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग पार्श्वभूमीत मिसळून काढला जाऊ लागला, शिवाय सावल्या, पारदर्शकता आणि रंगछटा आल्या. बारा महिन्यांच्या विक्रीच्या चार्टमध्ये या जादा कामाचा पत्ताही लागत नाही, पण तीस हजार रेषाखंडांत तेच काम तीस हजार वेळा होते. त्या आवृत्तीत सूत्रांची फेरगणना प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर (कोअर) वाटली जाऊ लागली, हे खरे. तो फायदा गणनेचा होता, चित्रणाचा नव्हे. चार्टची सजावट करताना मॅक्रो रेकॉर्डर (आपल्या कृती नोंदवून त्यांचा छोटा प्रोग्रॅम करणारी सोय) काहीच नोंदवत नसे, ही उणीवही त्याच आवृत्तीतली आणि ती 2010 मध्ये दूर झाली. यावरून चार्टचा भाग घाईने बाजारात आणला गेला असा निष्कर्ष मी काढतो. मात्र 2010 मध्ये चित्रणाचा वेग सुधारण्यात आला आणि 32,000 ची मर्यादा जाऊन बिंदूंची संख्या उपलब्ध मेमरीवर सोपवली गेली. ज्यांना चार्ट मंदच ठेवायचा होता, त्यांनी पुढच्याच आवृत्तीत हे कशाला केले असते?

रॅमचा हिशेब तर कागदावर करता येतो. एक्सेलमधली संख्या आठ बाइटची असते. एक लाख बिंदूंचे क्ष आणि य मिळून सोळा लाख बाइट, म्हणजे दीडेक एमबी. प्रोग्रॅमची अंतर्गत मांडणी याच्या दसपट जागा घेते असे धरले, तरी आजच्या संगणकाला ते जड नाही. चार्ट सरकवताना टास्क मॅनेजर उघडून पाहावे : मेमरी शिल्लक असेल आणि प्रोसेसर मात्र घामाघूम झाला असेल, तर नव्या रॅमवरचा खर्च वाया जाणार. मेमरी खरोखरच भरून डिस्कची घरघर चालू असेल, तरच तो सल्ला योग्य.

64 बिटच्या आवृत्तीचे थोडक्यात सांगता येईल. तिच्यात जास्त मेमरी वापरता येते आणि अवाढव्य फाइलींसाठी ती हवीच, पण रेषा काढण्याचा वेग तेवढ्याने वाढत नाही. उलट 32 बिटची जुनी ॲड-इन (एक्सेलला जोडायचे पूरक प्रोग्रॅम) तिच्यात चालत नाहीत आणि व्हीबीए या एक्सेलच्या मॅक्रो-भाषेमधली विंडोजच्या फंक्शनांची जुनी डिक्लेरेशन दुरुस्त करावी लागतात.

फाइल एक्सएलएसमध्ये सेव्ह करण्याचा सल्ला मात्र घातक आहे. त्या स्वरूपात 65,536 च्या पुढच्या ओळी आणि 256 च्या पुढचे स्तंभ बसतच नाहीत. सेव्ह करताना एक्सेल इशारा देते, पण ती खिडकी न वाचता ‘कंटिन्यू’ दाबण्याची सवय बहुतेकांना असते. दर मिनिटाची नोंद घेतली तर वर्षाच्या ओळी 5,25,600 होतात. जानेवारीपासून मोजल्यास फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा डेटा राहील आणि पुढचा सगळा कापला जाईल. त्यानंतर चार्ट हलका वाटतो, यात नवल ते काय! फाइलचे स्वरूप बदलल्याने चार्ट काढणारी यंत्रणा बदलत नाही. उघडलेल्या एक्सेलमध्ये जी असेल तीच दोन्ही फाइलींसाठी वापरली जाते.

ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करण्याचा उपाय अर्धा खरा आहे. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर सदोष असेल, तर खिडकी लुकलुकणे किंवा अडखळणे त्याने थांबते. ड्रायव्हर ठीक असेल तर तेच काम पुन्हा प्रोसेसरच्या गळ्यात पडते. ज्या आवृत्तीत हा पर्याय दिसतो तिथे बंद करून पाहावे, फरक पडला नाही तर पुन्हा चालू करावे. जुन्या आवृत्तीकडे परतण्याविषयी एवढेच, की एक्सेल 2003 चे सुरक्षा अपडेट एप्रिल 2014 मध्ये आणि 2007 चे ऑक्टोबर 2017 मध्ये बंद झाले. बाहेरून आलेल्या फाइली त्यांत उघडणे शहाणपणाचे नाही.

फिरणाऱ्या मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही, तिथे खरी मेख आहे. सगळा डेटा कोऱ्या वर्कबुकमध्ये फक्त मूल्ये म्हणून पेस्ट करावा आणि तसाच चार्ट काढावा. तो झरझर चालला, तर दोष चार्टचा नसून त्यामागच्या सूत्रांचा आहे. आपोआप वाढणाऱ्या रेंजसाठी अनेक जण ऑफसेट किंवा इंडायरेक्ट वापरतात. ही फंक्शने शीटमध्ये कुठेही काहीही बदलले तरी पुन्हा गणली जातात आणि त्यांच्यामागोमाग चार्टही नव्याने काढला जातो. ऑफसेटच्या जागी इंडेक्स वापरता येते. मॅक्रो एकेक सेल भरत असेल, तर तेवढ्यापुरते स्क्रीन अपडेटिंग बंद ठेवून गणना मॅन्युअलवर टाकावी.

कोऱ्या वर्कबुकमध्येही चार्ट मंदच राहिला, तर भार चित्रणाचा आहे. अशा वेळी बिंदूंवरची चिन्हे, स्मूद रेषा, सावली आणि पारदर्शकता प्रथम काढावी. पंधरा मिनिटांच्या नोंदींसाठी लाइन चार्ट निवडून आडवा अक्ष तारखेचा ठेवला, तर एका दिवसाचे 96 बिंदू एकाच उभ्या रेषेवर रचले जातात : एक्सेल 35,040 बिंदू काढते, पण जागा मिळतात 365. तिथे वेळही संख्या म्हणून मांडणारा स्कॅटर चार्टच हवा. त्यातही चार्टची रुंदी 1,500 पिक्सेल धरली, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला तेवीस-एक बिंदू येतात, म्हणजे बहुतेक मेहनत एकावर एक रेघा ओढण्यात जाते.

म्हणून वर्षाच्या चार्टसाठी दररोजचे किमान आणि कमाल अशी दोन मूल्ये वेगळ्या शीटवर काढावीत. 730 बिंदूंत वर्षाची बाह्यरेखा मिळते. सरासरी घेऊ नये, कारण वीजबिलातला मागणी आकार ज्या शिखरांमुळे वाढतो, नेमकी तीच सरासरीत दबून जातात. एक्सेल 2019 पासून मिनइफ्स आणि मॅक्सइफ्स ही फंक्शने आहेत. त्याआधीच्या आवृत्तीत पिव्होट टेबल हेच काम करते. मूळ ओळी जागच्या जागी राहू द्याव्यात आणि ज्या आठवड्यात काही वेगळे दिसेल तेवढ्याचा पूर्ण तपशिलाचा चार्ट निराळा काढावा. त्यात 672 बिंदू असतात आणि तेवढ्यावर कोणतीही आवृत्ती अडखळत नाही.