गाडी पाहावी आडवं होऊन

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, आणि सेकंडहँड फोर बाय फोर पाहावी तिच्याखाली आडवं होऊन. जूनमधल्या म्हापशात, तांबड्या चिखलात, इस्त्रीच्या शर्टानिशी आडवं व्हायची ज्याची तयारी नाही, त्याने पुढच्या दोन चाकांवर चालणारी साधी गाडी घ्यावी आणि सुखाने नांदावं. तसंही गोव्यात चारही चाकांची ताकद लागते कुणाला? चोर्ला घाट डांबरी, अनमोड घाट डांबरी. सत्तरी-सांग्यात आडवळणाला काजूची बाग असेल तर गोष्ट वेगळी. किनाऱ्यावर गाडी घालायला तर बंदीच आहे. उरलेल्यांना ती हवी असते, कारण ती हवी असते. या कारणाला माझी हरकत नाही. फक्त बघायला जाताना शर्ट जुना घालावा.

विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "बाब, गाडी नुसती उभी होती. मालक तारवटी." म्हणजे मालक बोटीवर आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली. हे तो पदक दाखवावं तसं सांगतो. पण उभ्या गाडीत उंदीर बिऱ्हाड करतात आणि उंदरांना वायरिंग आवडतं. खाऱ्या हवेत ब्रेकचे कॅलिपर जागीच धरतात, ऑइल सील वाळतात. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, ते वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, सहा-सात वर्षांचं रबर म्हातारंच.

दुसरं वाक्य, "मागचे दोन टायर नवेकोरे, बाब!" साध्या गाडीत हे ऐकून आनंद व्हावा. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे गरज पडेल तशी चारही चाकांना आपोआप ताकद देणाऱ्या गाडीत, छातीत धस्स व्हावं. झिजलेल्या टायरचा घेर लहान, म्हणून ते चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेतं. पुढची ताकद गरजेपुरती मागे पोचवणाऱ्या मधल्या कपलिंगला वाटतं पुढची चाकं घसरताहेत. मग ते बिचारं कोरड्या डांबरावरही मागच्या चाकांना ताकद पुरवत बसतं आणि तापून तापून आपल्याच चकत्या जाळून घेतं. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे हवेत, आणि नक्षीच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक नको. खोली मोजायचं गेज स्वस्तात मिळतं. फरक निघाला तर चार टायरांची किंमत सौद्यातून वळती करून घ्यावी, आणि कपलिंगचा संशय तरीही ठेवावाच.

तो संशय फेडायचा उपाय सोपा आहे. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी रांगत्या वेगाने गोल फिरवावी, आधी उजवीकडून, मग डावीकडून. चारही चाकांच्या ताकदीचं बटण 'ऑटो'वर असताना कुणी मागून धरून ठेवल्यासारखी ती अडली, उड्या मारू लागली, तर कपलिंग जाम आहे. कट-कट-कट आवाज आला तर चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, गेला. निघताना किंवा रिव्हर्स टाकताना पोटाखाली 'ठक्' झालं तर मागे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, गेला. एक मात्र लक्षात ठेवावं: जुन्या पद्धतीची, दांडा ओढून फोर-हायमध्ये टाकायची, म्हणजे पुढची-मागची चाकं एकत्र जखडणारी जीप डांबरावर वळताना अडणारच. तो तिचा दोष नाही, स्वभाव आहे. तिची परीक्षा ओल्या मातीत घ्यावी.

आता आडवं व्हायची वेळ. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र चुकूनही शिरायचं नाही. टॉर्च घेऊन आधी चाकांच्या आतल्या बाजूचे रबरी बूट, म्हणजे सीव्ही जॉइंटवरची टोपणं, बघावेत. बूट फाटला की ग्रीस रिमच्या आतल्या अंगाला उडतं, आणि ग्रीसच्या जागी तांबडी धूळ मुक्कामाला येते. नुसता बूट थोडक्यात बदलून होतो; महिनाभर दुर्लक्ष केलं तर अख्खा शाफ्ट बदलावा लागतो. मग मागचं डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी. त्याला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते, ब्रीदर म्हणतात. गरम डिफरन्शिअल पारोड्याच्या पुरात किंवा कुळ्याच्या ओहोळात बुडलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर किंवा सील धड नसेल तर पाणी आत ओढलं जातं. तेल काढून बघावं: दुधाळ, कॉफीसारखं असेल तर गाडी पोहून आलेली आहे. तेल लागतं जेमतेम लिटर-दोन लिटर, पण काढताना भरायचं बूच आधी सोडवावं. खालचं बूच आधी सोडलं आणि वरचं गंजून बसलं, की कोरडं डिफरन्शिअल घेऊन तुम्ही तिथेच.

चॅसिसला ताजा काळाकुळकुळीत लेप दिसला तर खूश होऊ नये. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला भद्द वाजतो. जिप्सीत बिघडण्यासारखं फारसं काही नाही, गंजण्यासारखं मात्र सगळं आहे. रेनोच्या डस्टर ऑल व्हील ड्राइव्हला लो-रेंज, म्हणजे अवघड वाटेसाठीचे जादा हळू गिअर, नाहीत, पण पहिला गिअर इतका आखूड की चिखलात बैलासारखी निघते. माझं मत तिलाच. स्कोडाची यती झकास चालते, मात्र तिच्या हॅलडेक्स कपलिंगचं तेल शेवटचं कधी बदललं याचं बिल मागावं. बिल नसलं तर तेल बदललेलं नाही असंच धरावं.

आणि थार असेल तर आरसीवर आधी काय नोंद होती ते बघावं. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे रेंट-अ-कार, अशी तिची पूर्वायुष्यातली ओळख निघाली, तर पर्यटकांनी तिला बंदी धाब्यावर बसवून समुद्रस्नान घडवलं नसेल कशावरून? कार्पेट उचलून सीटचे बोल्ट बघावेत. वाळू आणि गंज खोटं बोलत नाहीत.

कागदांचं थोडक्यात: मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर ३५, परराज्यातली गाडी असेल तर २८ ची एनओसी. परराज्यातल्या गाडीला गोव्याचा रोड टॅक्स वेगळा. तो किंमतीत धरल्याशिवाय आकडा बोलू नये.

एवढं सगळं उरकून, पाठीवर अख्खा बार्देश घेऊन आपण गाडीखालून बाहेर येतो. विकणारा चहाचा कप पुढे करतो आणि हळहळतो, "अरे बाब, आधी सांगायचं ना! मागच्या गॅरेजात लिफ्ट आहे."